लोक मला राखणदार म्हणतात

मी एक झेंडा. तिरंगाच, पण शाळेच्या मैदानावर ऐटीत फडकणारा किंवा सरकारी कचेरीवर रोज सलामी घेणारा नव्हे. मी परक्या जहाजावर पाहुण्यासारखा वर चढणारा झेंडा. समुद्रावरची रीतच तशी आहे. जहाज ज्या देशाच्या हद्दीत शिरतं, त्या देशाचा झेंडा त्याने मान म्हणून डोलकाठीवर लावायचा आणि हद्द सोडली की उतरवून कप्प्यात ठेवायचा. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य कप्प्यात गेलं आणि उरलेलं बरंचसं एका लाकडी पेटीत. मोकळ्या आभाळात मी होतो ते दिवस मोजले तर शे-सव्वाशेच्या वर भरायचे नाहीत.

पण त्या थोड्या दिवसांत मला एक नाव मिळालं, आणि त्या नावापायी एका भल्या माणसाला सात वर्षं स्वस्थता लाभली नाही. ती हकिकत सांगून टाकल्याशिवाय मला जाववत नाही.

माझा जन्म १९९२ सालचा, दुबईतल्या देरा भागातला. खाडीलगतच्या एका गल्लीत जहाजांना सामान पुरवणारं दुकान होतं. दोर, कंदील, रंगाचे डबे आणि मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेला खैरुद्दीन नावाचा म्हातारा पेशावरी शिंपी. तो सगळ्या जगाचे झेंडे शिवायचा. माझ्या चक्राचे आरे त्याने दोनदा मोजले. चोवीस भरले तेव्हाच मला खाली ठेवलं. दुकानदाराने चिडवलं, "चाचा, हिंदुस्तान के झंडे पर इतनी मेहरबानी?" म्हातारा दोरा तोडत म्हणाला, "झंडा किसी का भी हो, टेढ़ा बना तो हाथ मेरा बदनाम होगा."

तिथून मी 'अल वस्मी' नावाच्या लहानशा मालवाहू जहाजावर आलो. मालक शारजाचा, नोंदणी कुठल्याशा दूरच्या बेटाची, आणि नऊच्या नऊ माणसं हिंदुस्थानातली. शारजाहून खजूर आणि भंगार घेऊन कांडल्याला जायचं, तिथून तांदूळ भरून परत यायचं.

कप्तान होते गुणवंत तिरोडकर. मूळचे कोकणातले, मुंबईत वाढलेले, चाळिशीच्या आतबाहेरचे, बोलणं मोजकं, सदरा कायम इस्त्रीचा. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. जहाजाची रोजनिशी, जिला सगळे लॉगबुक म्हणत, ती ते शाईच्या पेनाने लिहायचे. वारा कुठला, लाट किती, काय बिघडलं, कोणाला कळवलं, सगळं.

आणि सुकाणावर होता भिकाजी कोयंडे. देवगडजवळच्या खाडीकाठच्या गावचा. काळा, आडव्या बांध्याचा, सतत काहीतरी पुटपुटणारा. मला चढवणं-उतरवणं त्याच्याकडे होतं. त्याच्या हाताला नेहमी ग्रीस लागलेलं असे, म्हणून माझ्या पांढऱ्या पट्ट्यावर त्याच्या अंगठ्याचा एक डाग पहिल्याच फेरीत पडला आणि पुढे कधी गेला नाही.

माझं नाव त्यानेच ठेवलं. कसं, ते नीट ऐका, कारण पुढे या नावाची फार निराळी कथा झाली.

त्या फेरीत आम्ही हिंदुस्थानच्या हद्दीत शिरलो तेव्हा पहाट होत होती. भिकाजीचा पहारा नुकताच संपला होता. त्याने मला दोरीवर बांधलं, सरसर वर ओढलं आणि जांभई देत म्हणाला, "चल रे राखणदारा, आता तुजी पाळी. मी जातंय निजाक."

बाकीचे हसले. कोकणातल्या माणसांना राखणदार सांगावा लागत नाही. गावाच्या शिवेवर तो असतो. दिसत कोणालाच नाही, पण गाव त्याच्या भरवशावर झोपतं. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा, बाकी त्याची काही मागणी नसते. नाव चिकटलं. त्यानंतर जहाजावर कोणी मला झेंडा म्हटलं नाही. "राखणदार चढवलास काय रे?" असंच सगळे विचारायचे. कप्तानसुद्धा.

म्हणजे माझ्या नावाचा उगम एवढाच: एका दमलेल्या माणसाची जांभई.

भिकाजीची माझ्यावर माया होती. भक्ती मात्र नव्हती. एकदा वाऱ्याने माझी कड फाटली. कप्तानांना वाईट वाटलं. भिकाजी म्हणाला, "फाटलो तर फाटलो, साहेब. शिवूया. नायतर दुसरो घेवया. माणूस थोडोच आसा तो?"

१९९६ सालचा जानेवारी. कांडल्याहून तांदूळ भरून आम्ही परतत होतो. निघतानाच माल भरायच्या पुढच्या भांडाराच्या झाकणाचं रबर फाटलेलं होतं. कप्तानांनी मालकाला फोन केला. "यल्ला यल्ला, निघा, इथे आल्यावर बघू," असं उत्तर आलं. कप्तानांनी ते लॉगबुकात शब्दाला शब्द लिहून ठेवलं, आणि मग जहाज हाकारलं. लिहिलंही आणि हाकारलंही. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

हद्द सोडल्यावर मला उतरवून वरच्या खोलीतल्या, म्हणजे ब्रिजवरच्या, कप्प्यात ठेवलं होतं. होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडली आणि समोरून शमाल सुटला. शमाल म्हणजे इकडचा वायव्येचा वारा. सुटला की तीन-तीन दिवस थांबत नाही. लाटा पुढच्या झाकणावरून आत जाऊ लागल्या. तांदूळ भिजला. भिजला की तो फुगतो, हे घरी पातेल्यात चालतं. लोखंडी पोटात नाही. दुपारी दोनच्या सुमाराला आतून करकर आवाज येऊ लागला आणि जहाज डावीकडे कललं. कप्तानांनी सगळ्यांना खाली होडीत उतरायला सांगितलं.

पुढचं मी कप्प्यात असल्याने आधी फक्त ऐकलं. होडी पाण्यावर टेकली. एकेक माणूस उतरला. जहाजावर दोघंच उरले, कप्तान आणि होडीचा दोर धरून उभा असलेला भिकाजी. मग कप्तानही उतरले. कप्तानाने सगळ्यांत शेवटी उतरायचं असतं. पण भिकाजी दोर धरून होता, तो सोडून लगेच उडी मारणारच होता, असं त्यांना वाटलं असेल.

होडीत बसल्यावर त्यांनी आजूबाजूला चाचपलं आणि ओरडले, "भिका, लॉगबुक राहिलं!"

बस, एवढंच. जा, असंही म्हणाले नाहीत. भिकाजीने दोर कठड्याला अडकवला आणि धावत वर आला. मला त्याच्या पावलांचा आवाज आला. जमीन एवढी तिरकी झाली होती की तो भिंतीला धरून चालत होता. त्याने टेबलावरचं लॉगबुक उचललं, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं. पिशवी फाटकी होती. इकडेतिकडे बघितलं. कोरडं असं खोलीत काहीच नव्हतं. कप्प्यातले झेंडे तेवढे होते. सगळ्यांत वर मी होतो. त्याने मला ओढलं, पुस्तकाभोवती गुंडाळलं आणि माझ्याच दोरीची गाठ मारली. बाहेरच्या सज्जात येऊन त्याने ते बोचकं होडीच्या दिशेने फेकलं. मुश्ताक नावाच्या आमच्या स्वयंपाक्याच्या मांडीवर मी पडलो.

वरून भिकाजी ओरडला, "साहेब, बुक भिजूक नाय हां!"

त्याच्या आवाजात आनंद होता. सोपवलेलं काम नीट झाल्याचा. तेवढ्यात जहाज उलटलं.

आठ माणसं अंधार पडायच्या आत एका मासेमारी नौकेला सापडली. भिकाजी नाही सापडला.

चौकशी झाली. लॉगबुकातल्या त्या नोंदीने कप्तानांचा परवाना वाचला. दोष मालकावर गेला. पुस्तक सरकारी कपाटात गेलं आणि मी कप्तानांकडे राहिलो. मग प्रश्न आला भिकाजीच्या बायकोला पत्र लिहिण्याचा. शारजाच्या एका खोलीत कप्तान आणि मुश्ताक बसले होते, मी खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होतो. कप्तानांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं की आपल्या देशाचा झेंडा पाण्यात जाऊ नये म्हणून भिकाजी परत वर गेला, आणि जाता जाता ओरडला, 'राखणदाराला सांभाळा.'

मुश्ताक रत्नागिरीकडचा. होडीत कप्तानांशेजारी तोच होता; वाऱ्यात कप्तानांची ती हाक आणि भिकाजीचं शेवटचं वाक्य होडीतल्या त्या दोघांनाच ऐकू आलं होतं. त्याने कागद वाचला, घडी घातली. मग म्हणाला, "असू दे, साहेब. बाईमाणसाला तेवढाच आधार."

त्या वेळी ते दोघांनाही खरंच दयेचं काम वाटलं. खोटं दयेचा सदरा घालून आलं की त्याला दारात कोणी अडवत नाही.

कप्तानांनी समुद्र सोडला. जहाजांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली, मुंबईहून बायको शोभना आणि लहानगी मुलगी ईशानी आल्या, दुबईतल्या करामा भागात दोन खोल्यांचं घर झालं. खाली केरळी हॉटेल, समोर साड्यांचं दुकान. मला शिसवी पेटीत घालून दिवाणखान्यात ठेवलं.

शोभनाबाईंनी ती पत्राची गोष्ट तिथल्या मराठी मंडळात कोणाला तरी सांगितली. पुढच्या प्रजासत्ताक दिनाला ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये कप्तानांना व्यासपीठावर बोलावलं. त्यांनी टाळायचा खूप प्रयत्न केला. शेवटी पेटी घेऊन गेले, गोष्ट सांगितली, खाली बसले. हॉलमध्ये रडू न आलेला माणूस नव्हता. तेव्हापासून दर वर्षी.

त्या पहिल्या वर्षी मागच्या रांगेत सुदेश नावाचा एक फिटर बसला होता, कणकवलीकडचा. सोनापूरच्या मजुरांच्या कॅम्पात बारा जणांच्या खोलीत राहणारा. तो व्यासपीठाजवळ येऊन पेटीच्या पाया पडला आणि ते नाव कॅम्पात घेऊन गेला. पुढे शारजाला क्रिकेटचे सामने झाले तेव्हा कोकणातली पोरं स्टेडियममध्ये झेंडे घेऊन ओरडत होती, "ए, राखणदार वर धर! राखणदार खाली नको!" सुदेशने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्याचा ऊर भरून आला होता. "कॅप्टनसाहेब, आता आमच्याकडे तिरंगा कोणी म्हणतच नाही. राखणदारच." साइटवर, बसमध्ये, सलूनमध्ये माझं नाव माझ्याच जातीच्या हजार झेंड्यांना मिळालं होतं.

कप्तान त्याला म्हणाले, "चहा घे."

बाहेर माझं नाव वाढत होतं, आणि घरात हा माणूस आतून पोखरत चालला होता.

आधी त्यांनी भात सोडला. कोकणातल्या माणसाने भात सोडावा! शोभनाबाईंनी कुकर उघडला की ते उठून गॅलरीत जायचे. "साखर वाढलीय का? टेस्ट करून घ्या," त्या म्हणायच्या. त्यांना कसं कळावं? मला कळत होतं. फुगलेल्या तांदळाचा वास माझ्याही धाग्यात होता.

मग ते सगळीकडून शेवटी बाहेर पडू लागले. लिफ्ट असो, थिएटर असो, ऑफिसची मीटिंग असो. सगळे गेले का हे बघितल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे. ऑफिसातले थट्टा करायचे, "कॅप्टन तिरोडकर, लास्ट मॅन!" ते हसायचे नाहीत.

शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, घरातली मंडळी पडली की ते पेटी उघडायचे. त्या डागावर अंगठा ठेवायचे. आणि मान एकदम मागे वळायची, कोणीतरी वरून हाक मारल्यासारखी. ऑगस्टच्या उकाड्यात उठून एसी बंद करायचे, नीट ऐकू यावं म्हणून. घामाने थबथबून बसायचे. मला ओरडून सांगावंसं वाटे की साहेब, इथे कोणी नाही. पण ते तरी खरं होतं का? ती हाक मीही ऐकत होतो.

ईशानी सातवीत होती तेव्हा शाळेत झेंड्यांवर प्रोजेक्ट होता. ती धावत आली. "बाबा, यू नो, अमेरिकेच्या फ्लॅगला ओल्ड ग्लोरी म्हणतात ना, ते नेम एका शिप कॅप्टननेच दिलं होतं! जस्ट लाइक यू!"

"मी नाव नाही ठेवलं," कप्तान म्हणाले.

"हो, पण फेमस तर तुम्ही केलंत ना?"

ते उठून गॅलरीत गेले. शोभनाबाई त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पेटीकडे संशयाने बघत राहिल्या.

२००२ च्या नोव्हेंबरात मुश्ताक एका मुलीला घरी घेऊन आला. त्याने आता सतवा भागात चहा-सँडविचचं छोटं कॅफेटेरिया टाकलं होतं. मुलगी वीस-एकवीसची, सावळी, ठाम पावलांची. ती करामाच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच लागली होती.

"काका, मी संजना. भिकाजी कोयंड्यांची."

कप्तान उभेच राहिले. शोभनाबाईंनी तिला जवळ घेतलं, बसवलं, सुरमईचं कालवण-भात केला. तिने कप्तानांच्या ताटात भात नाही हे बघितलं, नर्सच ती. मग मला पेटीतून काढून मांडीवर घेतलं. तिचा अंगठा डागावर पडला आणि तिथेच थांबला.

"काका, एक विचारू? गावात पंधरा ऑगस्टला आईला शाळेत बोलावतात. ती जाते. पण दर वर्षी घरी येऊन एकच बोलते. म्हणते, तुझे बाबा झेंड्यासाठी परत जाणारे नव्हते. ते म्हणायचे, झेंडा दुसरा मिळतो. मग ते वर का गेले, काका?"

मुश्ताकने मान खाली घातली. कप्तानांच्या ओठांवर आलं होतं. मी पाहिलं. पण सात वर्षांची सवय जिभेला असते.

"पत्रात लिहिलं तेच, बाळा," ते म्हणाले.

संजनाने मला घडी घालून परत दिलं. जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली तोवर कप्तान दारातच होते. शोभनाबाई मागून म्हणाल्या, "गुणवंत, त्या मुलीशी खोटं बोललात तुम्ही. काय आहे ते मला विचारायचं नाही. पण मला सांगण्याआधी तिला सांगा."

पुढचा कार्यक्रम प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या शुक्रवारी होता. मंडळाचे अध्यक्ष विजयकुमार हौशी माणूस. त्यांनी संजनाचाही सत्कार ठेवला. हॉल गच्च भरला. सुदेश कॅम्पातल्या चाळीस जणांना बस करून घेऊन आला होता. कप्तानांनी मला हातात घेतलं आणि नेहमीसारखं सुरू केलं. शमाल, लाटा, कललेलं जहाज. "भिकाजी वर उभा होता. आणि तो ओरडला..."

तिथे ते थांबले.

विजयकुमार लगबगीने माइककडे आले. "कॅप्टनसाहेब जरा भावुक झालेत. आपण टाळ्यांच्या गजरात..."

"भावुक नाही झालो," कप्तान म्हणाले. "बसा तुम्ही. मी इतकी वर्षं खोटं सांगितलं. भिकाजी झेंड्यासाठी वर गेला नव्हता. मी त्याला पाठवलं. माझं लॉगबुक राहिलं होतं. त्यात माझा परवाना वाचवणारी नोंद होती. मी त्याच्याआधी होडीत उतरलो होतो. कप्तान असून. झेंड्यात त्याने फक्त ते पुस्तक गुंडाळलं, भिजू नये म्हणून."

मागे सुदेश उभा राहिला. त्याचा आवाज चिरकला. "मग आम्ही एवढी वर्षं काय सांगत फिरलो, साहेब?"

"मी सांगितलं ते."

"मीही होडीत होतो," मुश्ताक कोपऱ्यातून म्हणाला. "मीही ऐकलं. मीही गप्प बसलो."

कोणीतरी रागाने खुर्ची सरकवून बाहेर गेलं. विजयकुमार कपाळ पुसत राहिले. संजना व्यासपीठावरच्या खुर्चीत ताठ बसून होती. ती उठली, कप्तानांच्या अगदी समोर आली.

"शेवटी काय म्हणाले बाबा? खरं सांगा."

कप्तानांनी ते शब्द सात वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते. "साहेब, बुक भिजूक नाय हां."

तिला रडू फुटलं. "हे बाबाच," ती म्हणाली. "असेच बोलायचे. ते पत्रातलं वाक्य बाबांचं नव्हतंच कधी."

ती मला न घेताच निघून गेली.

आठवड्याने आली. सोबत फोनचं कार्ड होतं. गावच्या दुकानातल्या फोनवर आई, गिरिजा, ठरल्या वेळी येऊन बसली होती. संजनाने तिला आधीच सगळं कळवलं होतं. आता तिने कप्तानांच्या घरच्या फोनवरून तो नंबर लावला, स्पीकरचं बटण दाबलं आणि म्हणाली, "बोला काका. तुमच्या तोंडून ऐकायचंय तिला."

कप्तान उभे राहून बोलले, चौकशीसमोर उभं राहावं तसे. काहीही गाळलं नाही. कार्डाची मिनिटं चालली होती.

मग गिरिजा बोलली. "सात वर्सां माका वाटत होता, तेका माझ्यापेक्षा नि ह्या पोरीपेक्षा एक कापड मोठा वाटला. लोक हार घालीत, नि माझ्या पोटात आग पडे. म्हटलंय, जीव देवचो होतो तर लगीन कित्याक केलंस?" ती थांबली. "म्हणजे तो मराक गेलो नव्हतो. कामाक गेलो होतो. परत येवक गेलो होतो."

"हो," कप्तान म्हणाले. "परत यायलाच गेला होता."

"मी तुमका माफ करूचंय नाय," गिरिजा म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "पण माझो घोव माका परत दिलात, ह्या मी इसरूचंय नाय. आता एक करा. तुमच्या त्या बुकात लिवा. तेका कोणी धाडलो, ता लिवा."

लॉगबुक सरकारी कपाटात होतं. कप्तानांनी कोरा कागद घेतला आणि त्याच मोत्यासारख्या अक्षरात शेवटची नोंद लिहिली. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा. 'सुकाणी भिकाजी कोयंडे यांना मी, कप्तान, लॉगबुक आणण्यासाठी परत पाठवले. त्यांनी ते कोरडे पोहोचवले. मी त्यांच्याआधी जहाज सोडले होते.' खाली सही. एक प्रत जहाजखात्याला, एक गिरिजेला.

खात्याने परवाना काढून घेतला. तपासणीची नोकरी गेली. ते आता ओळखीच्या एका गोदामात हिशेबनीस आहेत. मंडळातले काही जण रस्ता ओलांडून पलीकडून जातात. मुश्ताक येतो. सुदेश चार महिने आला नाही. मग एका शुक्रवारी आला, चहा घेतला आणि गेला. कप्तानांच्या मागचं भूत उतरलं असं मी म्हणणार नाही. परवाही त्यांची मान वळली. फक्त आता ते एसी बंद करत नाहीत. आवाज आला की हलकेच म्हणतात, "हो भिका, कळलं."

मी सध्या संजनाच्या खोलीत आहे, तिच्या बॅगेत, पांढऱ्या गणवेशांच्या खाली. शोभनाबाईंनी कालच मला तिच्या स्वाधीन केलं. माझा हिरवा पट्टा विरला आहे, कडेचे टाके सुटत आहेत. फाटका झेंडा लावायचा नसतो. आदराने, एकांतात अग्नीला द्यायचा असतो. पुढच्या मे महिन्यात संजना रजेवर घरी जाणार आहे. खाडीच्या काठी, दोघी मायलेकींच्या समोर, माझं ते शेवटचं काम होईल. गिरिजेने तसं कळवलं आहे. मला भीती वाटत नाही. त्या घराचा माणूस मी बरोबर घेऊन जाऊ शकलो नाही, तेवढीच खंत आहे.

जायच्या आधी तुमच्याकडे एक मागणं आहे. माझ्या जातीच्या झेंड्यांना राखणदार म्हणा, खुशाल म्हणा. नाव प्रेमाने ठेवलेलं आहे. पण आमच्यासाठी कोणी मेला असं सांगायला उठाल, तेव्हा आधी त्याच्या घरी विचारा. आम्ही कापडाचे. आम्हाला माणसाचा जीव नको असतो.

भिकाजी कोयंडे माझ्यासाठी गेला नाही. तो परत येणार होता.